पुसून टाकलेला लेप

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गवार मोडणं. सकाळची वेळ, भिंतीला पाठ टेकून ती बसलेली, मध्ये परात. मी शिरा नीट काढत नाही म्हणून माझ्या शेंगा ती पुन्हा तपासत होती. मी म्हटलं, "मग मला कशाला बसवलंस?" तर म्हणाली, "सोबतीला. बसा गप."

मग तिने वाण्याची यादी केली. आमच्याकडे यादी लिहायची पद्धत नव्हती. ती शाळेत गेलेली नाही, मी चौथी. मुलीने फोनमध्ये आवाज भरायला शिकवल्यापासून ती यादी बोलायची आणि मी तो फोन नेऊन दुकानात वाजवायचो. यादीतही ती थेट दुकानदाराशीच बोलायची. "दादा, गूळ काळा द्या. ह्यांना पिवळा देऊ नका, ह्यांना काही कळत नाही." गिऱ्हाइकं हसायची. मला लाज वाटायची, म्हणून निम्मी यादी झाली की मी बंद करायचो आणि राहिलेलं आठवेल तसं सांगायचो. काहीतरी विसरायचंच. त्यावरून घरी बोलणी खायची.

त्या दिवशीही ती बोलत असताना मी सदरा घालायला आत गेलो. दुकानात नेहमीसारखी निम्म्यात बंद केली. परत आलो तर ती तशीच भिंतीला टेकलेली, मांडीवर गवार. वाटलं डोळा लागला. पिशवी ठेवून मी म्हटलंसुद्धा, "अगं, चहा टाक."

दिवसकार्य होईपर्यंत फोन कपाटात पडून होता. बाहेर काढला तेव्हा बॅटरी फुगून पाठ उचकटली होती. कर्वेनगरची मुलगी म्हणाली, "बाबा, दुरुस्तीच्या दुकानात द्या." मी नाही म्हटलं. ती यादी त्या एकाच फोनमध्ये होती, दुसरीकडे कुठेच नाही. तिचा तेवढाच आवाज उरलेला आणि तोही मी पुरता ऐकलेला नाही. तो मी कुणा परक्याच्या टेबलावर टाकून येऊ? आणि मी कसबा पेठेतला तांबट. पन्नास वर्षं भांडी ठोकली, कल्हई केली. बॅटरी बदलायला काय लागतं?

नवीन बॅटरी आणली. ओट्यावर पांढरं फडकं अंथरलं. तिच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांत स्क्रू वेगवेगळे ठेवले, जिथला तिथे बसावा म्हणून. आत एका पत्र्याखाली राखाडी चिकट काहीतरी माखलेलं दिसलं. आमच्या धंद्यात मळकट भांड्यावर कथील धरत नाही. आधी घासायचं, मग पुढचं. हाताला वळणच तसं पडलेलं. मी ते राखाडी चिंधीने पुसून लख्ख केलं. बरं वाटलं, फोनला अंघोळ घातल्यासारखं.

फोन चालू झाला. पण यादी सापडेपर्यंत तो तव्यासारखा तापायचा. "दादा, गूळ..." एवढं म्हणून बंद. थंड झाल्यावर पुन्हा तेच. कव्हर काढलं, पंख्याखाली धरला, नेट बंद केलं, चार्जर लांब ठेवला. नवी बॅटरीच खराब असेल म्हणून हाताची पाठ लावून पाहिली. भांड्याची धग मी तशीच बघायचो. बॅटरी कोमट होती. ताप वर, कॅमेऱ्याच्या बाजूला, जिथे मी पुसलं होतं तिथे. तरी डोक्यात उजेड पडला नाही. शेजारी म्हणाला, "फ्रीजमध्ये ठेवा." म्हटलं, "आधी तुझं डोकं ठेव." चौथ्या दिवशी 'गूळ'सुद्धा येईना. 'दादा'वरच बंद. मग मी घाबरलो.

शेवटी गेलो दुरुस्तीवाल्याकडे. पन्नाशीचा माणूस, नाकावर चष्मा. म्हणाला, "ठेवून जा, उद्या या."

"ठेवून जात नाही. इथेच बसतो."

"बसा. स्टूल मोडका आहे."

त्याने फोन उघडला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आजोबा, इथला लेप कुठे गेला?"

"पुसला. घाण होती. मी तांबट, आधी घासतो."

"घाण नव्हती ती. चिपची उष्णता त्या लेपातून पत्र्यात जाते. लेप नाही, मग उष्णता जाईल कुठे?"

"मग आत तसं लिहून ठेवायचं."

"तांबट येऊन घासेल असं कंपनीला वाटलं नसेल."

इतर वेळी मी त्याला सोडला नसता. तेव्हा एवढंच विचारलं, "आतलं गेलं का?"

त्याने ट्यूबमधून तसलाच राखाडी लेप भरला, पत्रा बसवला, फोन चालू करून दहा मिनिटं माझ्या तळहातावर ठेवला. थंड राहिला. "आहे सगळं. ऐकून बघा."

"इथे नाही," मी म्हटलं.

दिवेलागणीला घरी, ती टेकायची त्याच भिंतीशी बसून ऐकली. गूळ, शेंगदाणे, साबण, माझी बिस्किटं. मी बंद करायचो ती जागा आली. बोट आपोआप पुढे गेलं, ते मागे घेतलं. पुढे तिचा आवाज बारीक झाला होता, मला आत ऐकू जाऊ नये म्हणून. "दादा, इथून पुढचं हे तुम्हाला ऐकू देत नाहीत. मला माहीत आहे. दिलंच एखाद्या वेळी, तर हिंगाची लहान डबी द्या. तीन वेळा सांगितली, तीन वेळा विसरले. आणि ह्यांना हसू नका. एकट्याने सामान आणतात बिचारे."

मग नुसती गवार मोडल्याचा आवाज. एक शेंग, दुसरी शेंग. आणि आतून मी ओरडतोय, "झालं का गं?"

सकाळी अंघोळ केली, तोच सदरा घातला, पिशवी घेतली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. फोन काउंटरवर ठेवला, यादी सुरू केली आणि दोन्ही हात पाठीमागे धरून शेवटपर्यंत उभा राहिलो.