बाईच्या हाताचा डायनामो

जुनी इंदूर या मोहल्ल्यातल्या एका बोळात, दुपारची जेवणं आटोपली की शशिकला तांब्याची तार घेऊन बसायची. मोटरीच्या डायनामोच्या पोटात एक लोखंडी गाभा फिरतो. त्याच्या खाचांतून ती तार वेढत जायची. नवरा लक्ष्मण गिरणीत वायरमन. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने एक जळालेला डायनामो घरी आणला, अर्धा नव्या तारेने भरला, आणि पाळीचा भोंगा झाला तसा टाकून गेला. उरलेला हिने भरला. संध्याकाळी लक्ष्मणने निरखून पाहिलं. तिचा अर्धा भाग त्याच्या अर्ध्याहून सरस होता. तो भला माणूस. त्या दिवसापासून तार त्याने तिच्या हाती दिली. वेढे ती ओवीच्या चालीवर मोजायची, एका चरणाला एक वेढा. जात्यावर बसणाऱ्या आईची चाल ती. आईच्या हाताखालून पीठ निघायचं, हिच्या हाताखालून वीज.

बारा वर्षं त्या हातात खोट निघाली नाही. मध्यभारत राज्य झालं, उन्हाळ्यात ग्वाल्हेरचं सरकार इंदूरला येऊ लागलं, रस्त्यांवर ट्रक वाढले. ट्रकच्या अड्ड्यावरचे लोक लक्ष्मणचं नाव घेत डायनामो घरी आणून टाकत. भरतं कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

बोलले ते दौलतराव. होळकरशाहीत त्यांच्या दारात घोडे असत, आता दोन ट्रक होते. आवाज मात्र घोड्यांच्या वेळचाच. त्यांचा बेटम्याहून गहू आणणारा ट्रक वाटेत एकाएकी बंद पडू लागला. दहा मिनिटं उभा राहायचा. मारुती ड्रायव्हर झाकण उघडून इथे तिथे चाचपायचा, आणि काही दुरुस्त न करताच ट्रक पुन्हा सुरू. अड्ड्यावर आणला की गरीब गाईसारखा वागायचा. तीन मिस्त्रींनी पाहिला, तिघांनी हात झटकले. डायनामो पंधरवड्यापूर्वीच लक्ष्मणच्या घरून भरून नेलेला. तेव्हा दौलतरावांनी भर अड्ड्यावर, चहाचा कप हातात धरून, निकाल दिला. "बाईच्या हाताचं काम. दुसरं काय होणार?"

दुसऱ्या दिवशी एक जण आपला डायनामो न भरताच परत घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. लक्ष्मण जेवता जेवता म्हणाला, की आपण सांगून टाकू, तो मीच भरला होता, माझाच हात चुकला. मला काय, गिरणी आहे. मायेनेच म्हणाला तो. शशिकलाचा हात भाकरीवर थांबला.

"चुकलेलाच नाही," ती म्हणाली, "तर कुणाचा म्हणून पुढे करायचा?"

सकाळी नऊवारीचा काष्टा घट्ट करून, दोन लहान बल्ब आणि तारेचं वेटोळं पिशवीत घालून ती अड्ड्यावर गेली. बायका तिथे येत नसत. चहावाल्यापाशी बसलेल्यांपैकी एकाने विचारलं, "काय वहिनी, ट्रक चालवायला आलात का?"

"चालत असता तर कशाला आले असते, भिया?" ती अस्सल इंदुरी ठसक्यात म्हणाली.

दौलतरावांना तिने उभ्या उभ्याच सांगितलं. डायनामोचं काम बॅटरी भरायचं. तो मेला तरी भरल्या बॅटरीवर ट्रक घर गाठतो, असा मध्येच धरणं धरून बसत नाही. खोट दुसरीकडे आहे आणि ती अड्ड्यावर दिसायची नाही. जिथे ट्रक बंद पडतो तिथेच दिसेल. दौलतराव हसले. नाही दिसली तर काय, म्हणाले.

"तर तार सोडते. कायमची."

हे ऐकल्यावर दौलतराव स्वतः ट्रकमध्ये चढून बसले.

बॅटरीतली वीज कॉइल नावाच्या डबीत जाते, तिथून ठिणगीच्या डबड्यात, आणि तिथून ट्रकच्या लोखंडी अंगात उतरते. तिने एक बल्ब कॉइलच्या अलीकडच्या टोकाला जोडला, दुसरा पलीकडच्या. तारा आत ओढून दोन्ही बल्ब मारुतीच्या समोर बांधले. इंजिन सुरू झालं. पहिला बल्ब शांत जळत होता. दुसरा पापणीसारखा फडफडत होता, कारण डबड्यातली वाट क्षणात जुळते, तेव्हा वीज तिथून उतरते आणि बल्ब विझतो; क्षणात तुटते, तेव्हा बल्ब पेटतो. या जुळण्या-तुटण्यातूनच ठिणगी होते.

बेटम्यापर्यंत काहीच झालं नाही. दौलतराव खिडकीतून बाहेर बघत एक लावणी गुणगुणू लागले. शशिकलाने बल्बांवरची नजर काढली नाही. गव्हाची पोती चढली, ऊन चढलं, ट्रक परत निघाला. पुढे रस्ता एका नाल्याकडे उतरतो. तिथे मारुतीने पेडलवरचा पाय उचलला आणि इंजिन गप्प झालं.

"गिअर काढू नका, मारुतीभाऊ."

ट्रक उतारावरून आपल्या वजनानेच घरंगळत होता, चाकं इंजिनाला फिरवत होती. पहिला बल्ब जळत होता. म्हणजे बॅटरी भरलेली, बटण ठीक, आणि बॅटरी भरणारा डायनामोही निर्दोष. आणि दुसरा, ज्याने फडफडायला हवं होतं, तो आता स्थिर जळत होता. वीज कॉइलपर्यंत आली होती. पुढे तिला उतरायला वाट नव्हती.

ट्रक थांबताच तिने ठिणगीचं डबडं उघडलं. आत सगळं जागच्या जागी. दौलतरावांनी घाम पुसला.

"बाई, चला आता. यात काही अर्थ नाही."

"अर्थच तर नाही," ती वर न बघता म्हणाली. "तोच शोधतेय."

विजेने लोखंडात उतरायची जी वाट, तिला मोटरवाले अर्थ म्हणतात. मारुती एवढ्या जोराने हसला की दौलतरावांनाही कळलं.

डबड्यात करंगळीएवढी एक तार होती, सुती वेष्टणातली, दिसायला धडधाकट. शशिकलाने ती नखाने ओढली. वेष्टण रबरासारखं लांबलं. आतलं तांबं तुटलेलं होतं. पेडलवरचा पाय उचलला की डबड्यातली चकती मागे सरते. ती सरली की तुटकी टोकं कधीमधी दूर जायची, आणि कुणी चाचपलं की पुन्हा एकमेकांना चिकटायची. वेष्टण तेवढं शाबूत, म्हणून तीन मिस्त्री फसले. तिने पिशवीतली बारीक पदरांची मऊ तार कापून तिथे बसवली. मारुतीने आपणहून ट्रक मागे नेऊन तो उतार तीनदा उतरवला. तिन्ही वेळा पाय उचलला, तिन्ही वेळा इंजिन बोलत राहिलं.

इंदुरात शिरून राजमोहल्ला आल्यावर दौलतराव हळूच म्हणाले, की लक्ष्मणला सांगा, काम पक्कं आहे म्हणून. शशिकला म्हणाली, जिथे बोललात तिथेच सांगा.

अड्ड्यावर दौलतराव उतरले. ती उतरेना. लोक जमले. मारुतीने इंजिन बंद केलं नाही; बंद पडत नाही हे ऐकू येऊ दे, असं त्याच्या मनात असावं.

"डायनामो ठीक होता," दौलतराव म्हणाले.

"कुणी भरला होता?"

"लक्ष्मणच्या घरी भरलाय."

"घर तार भरत नाही, दौलतरावजी."

कुणीतरी हसलं. दौलतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ट्रककडे, मग जमिनीकडे. "शशिकलाबाईंनी," ते म्हणाले.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी त्या जुन्या, घोड्यांच्या वेळच्या आवाजात.

तेव्हा ती उतरली. मारुती घरापर्यंत सोडतो म्हणाला. नको म्हणाली. घरची वाट भर बाजारातून जात होती, आणि आज तिला ती पायीच चालायची होती.