चहाबरोबर घेतलेलं लोह

कोचकोर गावच्या दवाखान्यातून वरच्या कुरणाकडे परतताना दुसरा ओढा ओलांडला आणि सोनुनबू पोट धरून मटकन खाली बसली.

"दगडावर बसू नकोस गं, गारठा आत शिरतो," झूराकान म्हणाली. ती थोरली जाऊ.

"शिरू दे, ताई. आता आत काय उरलंय?"

झूराकाननं अंगातलं जाकीट काढून तिच्याखाली सरकवलं. सासूनं तिला काळजीपोटी सोबत धाडलं नव्हतं. "डॉक्टरीण काय म्हणते ते तुझ्या कानांनी ऐकून ये. खरंच दुखतं की नखरे आहेत, ते मला कळू दे," असं बजावून धाडलं होतं.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी सोनुनबूची कूस उजवली नव्हती. त्या घरात चहा ओतायचा तो धाकट्या सुनेनं, आणि पाहुणे उठेपर्यंत तिनं उठायचं नाही. पाळीच्या दिवसांत ती ओठ चावत ओतत राहायची. एकदा समोवारापाशीच, चहाच्या त्या उकळत्या बंबापाशी, घेरी येऊन पडली. सासूनं विचारलं, "चहा सांडला नाही ना?"

मग नणंदेनं, सैकालनं, मनावर घेतलं. ती बायका जमवून जीवनसत्त्वांच्या डब्या विकायची. एक गर्भपिशवीला ऊब देणारी, एक रक्त शुद्ध करणारी. सोनुनबूला त्या सगळ्या चारायची आणि भर बैठकीत उभं करायची.

"ही आमची धाकटी वहिनी. बघा, कसा तजेला आलाय! सांग गं, दुखतं का आता?"

"नाही."

तजेला बिटाचा होता. सैकालच्या सांगण्यावरून झूराकाननंच तिच्या गालांना चोळला होता. त्या दिवशी सोनुनबूच्या अंगावरून इतकं जात होतं, की पांढरा गालिचा खराब होईल म्हणून तिला दारापाशी उभं केलं होतं. डब्या हातोहात खपल्या.

आज डॉक्टरणीनं त्या सगळ्या टेबलावर मांडायला लावल्या. दुखण्याचं नाव तिनं एंडोमेट्रिओसिस सांगितलं. "पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी बाहेर वाढतं. गारठ्यानं नाही होत हे." सैकालच्या डब्या तिनं बाजूला सारल्या. "यांत काय भरलंय ते लिहिलेलंच नाही. बंद कर. मॅग्नेशियम चालेल, माशाच्या तेलाच्या गोळ्या चालतील. ड जीवनसत्त्व रक्त तपासून ठरवू. कुणाकुणाला थोडा आराम पडतो. थोडाच. आजार जात नाही. आणि या लोहाच्या गोळ्या? वर्षभर घेतेस, तरी रक्त वाढत कसं नाही? कशाबरोबर घेतेस?"

"चहाबरोबर."

"पाणी मिळत नाही घरात?"

"गार पाणी पिऊ देत नाहीत. आणि ऊन म्हटलं की चहाच."

"चहा लोह अंगी लागू देत नाही गं," डॉक्टरीण म्हणाली ते झूराकानकडे बघत. "दुखणं आवरायचं तर ही दुसरी गोळी. पाळी थांबेल. घेशील तोवर मूल राहणार नाही. पुढचं पुढं बघू."

त्या गोळ्यांची पट्टी आता सोनुनबूच्या ओढणीच्या गाठीत होती.

"सासू चुलीत घालेल ती," झूराकान म्हणाली.

"माहीत आहे."

"मग जीवनसत्त्वंच घे मुकाट्यानं. त्यांना कुणी नावं ठेवणार नाही. कोमट पाणी मी लपवून ठेवत जाईन."

सोनुनबू हसली. "थोडा आराम म्हणाली ना ती? थोड्या आरामावर किती वर्षं चहा ओतू, ताई?"

अल्ला बघतोय, असं झूराकानच्या ओठांवर आलं. पाच वर्षं दर महिन्याला तिनं हेच म्हटलं होतं. आज तिला म्हणवेना.

वर तंबूंचा धूर दिसू लागला तशी सोनुनबू उठली आणि तिनं जावेचा हात धरला.

"माझं एक काम करा. त्यांना सांगा, डॉक्टरीण म्हणाली, हिला मूल होणारच नाही."

"असं कुठं म्हणाली ती?"

"म्हणाली नाही. तुम्ही म्हणा. उद्याच मला माहेरी हाकलतील. आई तरी गोळी घेऊ देईल."

"आणि तुझा नवरा?"

"तो? घोड्यावर खोगीर चढवून देईल." ती दम घ्यायला थांबली. "माझं कुणी खरं मानणार नाही. तुम्हाला ऐकायलाच धाडलंय त्यांनी. तुम्ही सांगा, ताई. एवढं खोटं माझ्यासाठी बोला."