गोवा रद्द, चला अकोल्याच्या डाळ मिलला

ऑफिसची सहल गोव्यालाच गेली पाहिजे, असं कुठे लिहून ठेवलंय? आमची टीम तीन गावांत विखुरलेली. मी पुण्यात, नीलेश अकोल्यात, अश्विनी अमरावतीत. दोन वर्षं रोज स्क्रीनवर भेटत होतो, पण एका टेबलावर कधी बसलो नव्हतो. त्यात आमच्या साहेब मेधा मॅडम यांनी एक अट घालून ठेवलेली. अश्विनीला टीम लीड करायचं की नाही, हे अकोल्याच्या डाळ मिलमधल्या, मालाचं वजन दाखवणाऱ्या आमच्या नव्या ॲपच्या डेमोवर ठरणार होतं. अश्विनीला लहानपणापासून ऐकू येत नाही. "काम उत्तम आहे गं तिचं, पण ग्राहकाशी बोलणार कोण?" मॅडम म्हणाल्या आणि माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी मी तिकीट काढलं.

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी: तुमची गाडी थेट अमरावतीची नसेल तर बडनेऱ्याला उतरा आणि रिक्षा करा, फक्त भाडं आधी ठरवा. फेब्रुवारी असला तरी टोपी न्या. सकाळी दहालाच ऊन असं लागतं की पुणेरी माणसाला कुणीतरी रागावल्यासारखं वाटतं.

अश्विनीचं घर राजापेठेत, क्लासच्या पाट्या आणि दुचाक्यांच्या गर्दीतून वाट काढत गेल्यावर. नीलेश अकोल्याहून गाडी घेऊन आधीच पोचला होता. तिच्या आईनं गिला वडा आणून ठेवला होता. कढीत भिजलेला हा वडा खाल्ल्याशिवाय अमरावतीहून परत येऊ नका, एवढंच सांगते. वाढता वाढता काकू हळूच म्हणाल्या, "लीड होईन म्हंते. होऊ द्या. पन मले एक सांगा, फोन आला तं उचलन कोन?" मॅडमचाच प्रश्न, फक्त काळजीनं विचारलेला. 

मग आम्ही घोळ घातला. दोन वर्षांचं साचलेलं, त्यामुळे मी, नीलेश आणि काकू तिघंही एकदमच बोलत सुटलो. चॅटवर अश्विनीइतकी बोलकी बाई आमच्यात दुसरी नाही. इथे मात्र ती एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत गप्प बसली होती, स्वतःच्याच घरात. थोड्या वेळानं तिनं माझ्यासमोरची वड्याची ताटली उचलली, मांडीवर ठेवली आणि फोनवर लिहून दाखवलं: "स्क्रीनवर शहाण्यासारखे राहता. इथं काऊन बाजार भरवून राहिले? एका वेळी एक. हात वर केल्याशिवाय वडा नाही."

मी हात वर केला. ताटली परत मिळाली. त्यानंतरच्या गप्पा इतक्या छान झाल्या की निघायला उशीर झाला.

अमरावती ते अकोला गाडीनं दोनेक तास, रस्ता चांगला. मूर्तिजापूरला चहाला थांबा. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तुरीची उभी धसकटं, मध्येच हरभरा. मागच्या सीटवर अश्विनी टॅबलेटवर डेमो घासूनपुसून बघत होती. नीलेश ग्राहकापुढं बोलायची वाक्यं पाठ करत होता, कारण तोंडानं बोलायचं काम त्याचं ठरलं होतं.

डाळ मिलचे मालक बाबाराव. धिप्पाड माणूस, पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. डेमो त्यांच्या एसी केबिनमध्ये होईल, असं आम्ही धरून चाललो होतो. बाबाराव म्हणाले, "केबिनात काय ठेवलं? तुरीचा सीझन हाये, मिल काही थांबत नाही. वजनाच्या काट्यापाशी चला, तिथंच दाखवा."

काट्यापाशी पाऊल टाकलं आणि आवाज संपले. म्हणजे यंत्रांचा एकच आवाज उरला, बाकी सगळे संपले.  नीलेश ओरडून ओरडून लाल झाला. बाबाराव कानामागे हात धरून मान हलवत होते. लॅपटॉपवर पुण्याहून जोडलेल्या मॅडमचा मेसेज आला: "मला काहीच ऐकू येत नाहीये."

अश्विनी तेवढ्यात पुढे गेली होती. काट्यावरच्या मुकादमानं लांबच्या हमालाला हातानं काहीतरी खुणावलं, हमालानं तसंच उत्तर दिलं. त्या शेडमध्ये सगळे रोज असंच बोलतात. तिनं मुकादमाला खुणेनं विचारलं, ट्रक भरला का? त्यानं अंगठा आडवा हलवला, अजून नाही. दोघं शेजारी असल्यासारखे बोलू लागले. ट्रकमध्ये भरायच्या पोत्यांचं वजन पुरं झालं तेव्हा तिनं टॅबलेट उंच धरला. पूर्ण पडदा हिरवागार झाला. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला ड्रायव्हरनं तो पाहिला आणि गाडी काढली. त्यांचं जुनं ॲप शिट्टी वाजवायचं, ती कुणालाच ऐकू यायची नाही आणि ट्रक ताटकळायचे.

बाबारावांनी बोलायला तोंड उघडलं. अश्विनीनं तळहात दाखवून थांबवलं आणि टॅबलेट त्यांच्या हातात दिला. त्यांनी एका बोटानं लिहिलं: "ओल्या हातानं चालन काय?"

तिनं लिहिलं: "चालन. मी भांडे घासता घासता पायलं."

"अन् फोन आला तं?"

"इथं फोन ऐकू कोनाले येते?"

बाबाराव पोट धरून हसले. हसू तेवढं दिसत होतं, आवाज नाही. नंतर केबिनमध्ये त्यांनी मॅडमना सांगितलं, "माह्यासंग आता हेच पोरगी बोलन. त्या पोराचा तं घसा बसला." मॅडमचा मेसेज आम्ही स्टेशनवर पोचायच्या आत आला. अश्विनी लीड झाली होती. मी प्लॅटफॉर्मवर तिला मिठी मारून रडले, नीलेशला रडता येईना कारण घसाच नव्हता. तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फक्त अंगठा दाखवला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

घरी येऊन आठवडा झाला. बॅगेतून बाबारावांनी दिलेली तूरडाळ निघाली. तिचं वरण झालं, संपलंही. जेवताना आता मी नवऱ्याला आणि मुलीला हात वर करायला लावते. दोघं वैतागतात, पण एकमेकांचं ऐकतात.

सोमवारी अश्विनीची लीड म्हणून पहिली मीटिंग झाली. नीलेश चॅटवर त्याचा मुद्दा लिहीत होता आणि मॅडम मध्येच बोलायला लागल्या. स्क्रीनवर अश्विनीच्या चौकटीत तळहात वर आला. मॅडम थांबल्या. मग त्यांनी हात वर केला आणि आपला नंबर येईपर्यंत वाट पाहिली.