सतरा गुरुवारांचा पिरोजा

नोकरीतल्या मोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण निवृत्तीनंतर, अंगावर वर्दी नसताना केलेला एक तपास मला अजून जसाच्या तसा आठवतो.

२००५ च्या हिवाळ्यात मी अमेरिकेत ॲन आर्बरला मुलीकडे गेलो होतो. तिचा जन्म डिसेंबरचा आणि पिरोजा त्या महिन्याचा खडा, म्हणून ऑगस्टमध्ये ती सुट्टी संपवून निघताना मी तिला पिरोज्याची अंगठी करून दिली होती. खडा आकाशी निळा, त्यावर एक बारीक काळी रेघ. पावती माझ्या पाकिटात होती : अंगठीचे वजन ३.८२० ग्रॅम.

पोहोचलो त्याच संध्याकाळी तिचा हात पाहिला आणि बोलून गेलो, "हा खडा आपला नाही. हा हिरवा आहे."

तेवढ्यावर बिनसले. मुलीबरोबर राहणारी मैत्रीण नागपूरची, जिऑलॉजी शिकणारी. तिच्या पेटीत नाना तऱ्हेचे खडे. मुलीने सरळ तिच्यावर संशय घेतला. मैत्रीण भांडली नाही. तिने पुस्तके खोक्यांत भरायला घेतली. दोन वर्षे एकत्र राहिलेल्या मुली. शनिवारी ती घर सोडणार होती.

"काका, माझी पेटी तपासा," ती मला म्हणाली. "तिची अंगठी माझ्या बोटात जाऊन नाही राहिली, घेऊन करू काय?"

पेटी तपासली. पिरोजा नव्हता. दुसऱ्या दिवशी मुलीच्या लॅबमधल्या काट्यावर अंगठी ठेवली : ३.८२८. आठ मिलिग्रॅम जास्त. खड्यावरची काळी रेघ मात्र जागच्या जागी. म्हणजे खडा तोच. त्यात काहीतरी शिरले होते.

मग मी फिर्यादीचीच, म्हणजे मुलीचीच चौकशी सुरू केली. मैत्रीण शेजारी खोकी बांधत होती.

"अंगठी काढतेस कधी?"

"फक्त गुरुवारी. आईने सांगितलंय ना, शुद्धीसाठी कच्च्या दुधात ठेवायची. इथे कच्चं कुठलं, मी होल मिल्क घेते."

"किती वेळ?"

"लॅबमधून येईपर्यंत."

"आजवर किती गुरुवार झाले?"

तिने कॅलेंडर पाहिले. "सतरा."

मैत्रीण खोक्यावरच बसली आणि हसत सुटली. "अगं, पिरोजा सच्छिद्र असतो. तेल, साबण, सेंट, काहीही शोषतो अन् हिरवा पडतो. कोरड्या मऊ कापडानं पुसायचा, बस. तू तर चार महिने त्याला दूध पाजून राहिली."

"सॉरी यार. मला वाटलं..."

"कळलं काय वाटलं ते. चहा ठेव आता."

पुण्याला स्पीकरवर फोन लावला. बायको शांतपणे म्हणाली, "पिरोजा घालणाऱ्यावरचं संकट स्वतःवर घेतो, म्हणून रंग बदलतो. बरंच झालं."

"काकू," मैत्रीण फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "संकट तर परवाच विमानातून उतरलं."

आम्ही तिघेही हसलो, मी जरा उशिरा.

वस्तू बदललेली दिसली की नोकरीत मी आधी चोर शोधत आलो. ती जपणाऱ्याचे हात पाहायचे सुचलेच नाही. शनिवारी खोकी मीच उघडली. पुस्तके त्रेचाळीस निघाली, एकेक फळीवर लावून दिली. त्या संध्याकाळी मत देण्याआधी वजन केले असते, तर त्यातले एकही हलले नसते.