पडीक दरड

पवनारजवळ धाम नदीच्या काठी एक दरड होती. कॉलेजात असताना तिच्याबद्दल मी शिबिराच्या पत्रकात लिहिलं: ‘ही दरड पडीक आहे. इथे काहीही नाही. चला, श्रमदानाने रस्ता करू.’

खोटं लिहिलं. तिथे काय आहे ते मला लहानपणापासून माहीत होतं.

माझी आत्या त्या दरडीवर गवत कापायची. तिनेच मला मातीतली दारं दाखवली होती. चार आण्याच्या नाण्याएवढं झाकण, वरून शेवाळलेलं, एका बाजूला रेशमाची बिजागरी. आत बिळात कोळ्याची मादी. मी बाभळीच्या काट्याने झाकण उचकटायला गेलो, तर ते आतून घट्ट ओढलं गेलं. आत्या हसली. “काऊन रे, न विचारता कोणाच्या घराचं दार उघडतेत काय? थे आतून धरून राह्यली.”

पण पत्रकाला पडीक जमीनच लागते. पडीक म्हटल्याशिवाय फावडं उचलायला कोण येणार?

शिबिराला साठ जण आले. रस्ता गावासाठी नव्हताच. समारोपाच्या पाहुण्यांची गाडी नदीपर्यंत यावी म्हणून होता. हे मला पहिल्या सकाळी कळलं. मी शिबिरप्रमुखांना दरडीतली दारं दाखवली, दहा हात बाजूने खणू म्हणालो. त्यांनी खिशातून माझंच पत्रक काढलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. ‘इथे काहीही नाही.’ मग विचारलं, “हे तुम्हीच लिहिलंत ना? की कोळ्याने?”

साठ जण हसले. खादी घातलेले, पहाटे प्रार्थना म्हणणारे साठ जण. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. त्याहून जास्त याचा, की मी फावडं खाली ठेवलं नाही.

दुपारी माझ्या घमेल्यात एक ढेकूळ आलं, झाकणासकट. मी नखाने झाकण उचलून पाहिलं. आतून ओढ लागली. दरड गेली होती, तरी आतली मादी दार धरून बसली होती.

मागून कोणीतरी ओरडलं, घमेलं पुढे द्या. मी दिलं. ते भरावात रिकामं झालं आणि त्यावर माती ठोकायचं धुम्मस बसलं.

संध्याकाळी आत्या विळा घेऊन आली. तासलेल्या दरडीकडे बघत म्हणाली, “त्याइले तं माहीत नोतं. तुले माहीत होतं.”

समारोपाला पाहुण्यांची गाडी त्या रस्त्यावर आलीच नाही. नदीपासून दूर, मंडपातूनच ते परत गेले.