उरलेली चार माणसं

हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकते, नाहीतर मला झोप लागायची नाही. आईनं दोनदा जेवायला हाक मारलीय, तिला म्हटलं वाढून ठेव. तर ऐका. गणिताच्या पुस्तकातल्या माणसांची मनापासून काळजी करणारं एकच माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात आहे आणि ती माझी आत्या आहे. तुम्ही-आम्ही काय करतो, रमेशकडे चाळीस पेरू होते, त्यानं पंधरा विकले, उरले पंचवीस, झालं, उलटा पान. आत्या पान उलटूच देत नाही. रमेशच्या घरी पेरूचं झाड आहे का, पंधराच का विकले, गिऱ्हाईक आलं नाही की हाच उठून खेळायला गेला, हे कळल्याशिवाय तिला वजाबाकीत काडीचा रस नसतो. गावात तिला अर्धवट म्हणतात. म्हणू देत. मी आज तिच्या बाजूनं बोलणार आहे आणि मला कुणी समजवायला येऊ नका.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्या कळंबमध्येच दिलेली, त्यामुळे तिच्या सासरच्या फोडणीचा वास आमच्या घरात येतो इतकं जवळ. रोज संध्याकाळी आळीतली पोरं तिच्या ओट्यावर शाब्दिक उदाहरणं घेऊन यायची. शाब्दिकच हं. नुसते आकडे मांडलेले असले की आत्या म्हणायची, "ह्यात कुणीच नाय. घरी जाऊन करा." आणि ओट्यावर पहिला नियम म्हणजे पेन्सिल जमा. आल्या आल्या पोरांच्या पेन्सिली काढून घ्यायची आणि स्वतःच्या अंबाड्यात खोचायची. आधी गणित तोंडानं सांगायचं, झालेली हकिगत सांगतात तसं. कोण होता, कुठं चालला होता, काय घडलं. पटलं तरच अंबाड्यातून पेन्सिल परत. एकदा तशीच विसरून दळण आणायला गिरणीत गेली, डोक्यात सात-आठ पेन्सिली, लाल पिवळ्या. गिरणीवाला म्हणाला, "आत्या, साळिंदर झालीस गं." तर ही त्याला म्हणते कशी, "तुझ्या पोराची पण हाय यात. त्याला अजून गणित सांगता आलं नाय. बाप पण तसलाच."

पटलं नाही की ती प्रयोग करायची. तिसरीतल्या एका पोराला आलं होतं, तीस मीटर दोरीचे पाच-पाच मीटरचे तुकडे करायचे तर किती वेळा कापावं लागेल. तो म्हणाला सहा. आत्याला पण सहाच वाटलं, पण नुसतं वाटून तिचं भागत नाही. ती उठली, अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडली, विळा आणला आणि कापायला बसली. तुकडे झाले सहा आणि विळा चालला पाच वेळा. पोरं इतकी खूश की शेजारच्यांची पण दोरी सोडायला निघाली. तेवढ्यात मामा, म्हणजे आत्याचे मिस्टर, खोपोलीहून कंपनीतून आले. त्यांचा धुतलेला युनिफॉर्म मातीत पडलेला. शर्ट उचलून झटकत ते म्हणाले, "आज दोरी कापलीस. अजून भागाकार यायचाय. मी भावाकडं झोपायला जाऊ का आतापासनंच?"

भागाकाराची भीती मामांना उगाच नव्हती. भागाकार आला की बाकी येते आणि बाकीवरून आत्या पोरांचा जीव काढायची. अठरा लाडू चार मुलांत वाटले, प्रत्येकाला चार, बाकी दोन. पोरगं म्हणायचं, झालं. आत्या म्हणायची, "ते दोन कुणी खाल्ले?" "बाकी आहे ती आत्या." "अरं पण लाडूच हायत ना? डब्यात ठेवले का अर्धे अर्धे केले का तूच गिळलेस?" तिचं म्हणणं एकच, उरलेल्याला नुसतं उरलं म्हणून सोडून द्यायचं नाही, त्याचं काय केलं ते सांगायचं. अर्धे करता येतात तर कर. येत नसतील, म्हणजे माणसं असतील, तर त्यांना जागा बघ. मी स्वतः हे सगळं त्याच ओट्यावर शिकले. आता सांगा, यात अर्धवट काय आहे?

पण मग नाक्यावर क्लास निघाला. नेरळवरून सर येतात, पंखा आहे, पांढरा फळा आहे. तिथं शिकवतात की ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार, आणि जीप, बस, खोके असलं काही असेल आणि बाकी उरली तर उत्तरात एक मिळवायचा. बास. एका मिनिटात एक गणित. आत्याला हे कळलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग गणित वाचायचं तरी कशाला? ते शब्द तेवढे हुडकायचे. कोंबडी पण टिपती दाणे." तिनं हसण्यावारी नेलं, पण ओट्यावरची पोरं कमी होत गेली आणि शेवटी एकच राहिली, परी. माझ्या भावाची मुलगी, चौथीत.

आणि वहिनीनं अट घातली. वहिनी वाईट नाही, हे आधीच सांगते. रिसॉर्टवर रिसेप्शनला असते, दिवसभर उभी. ती आत्याला तोंडावर म्हणाली, "आत्या, मला दहावीला गणितानं आडवं पाडलं. नर्सिंगला जायचं होतं, राहिलं ते राहिलंच. हिचं नको व्हायला. या चाचणीत निम्मे मार्क पडले तर हिला तुमच्याकडं ठेवते, नायतर क्लास." आत्या म्हणाली, "चालल." आणि त्या दिवसापासून आत्या परीला दोन वेळा बसवायला लागली. कधी नाही ते स्वतः घड्याळ लावून.

चाचणीत उदाहरण आलं. एका जीपमध्ये नऊ माणसे बसतात, तर चाळीस माणसांना नेण्यासाठी किती जीप लागतील? परीनं लिहिलं, चार. खाली लिहिलं, बाकी चार माणसे उरतात, चार जीप आहेत, प्रत्येकीत एक माणूस थोडं सरकून बसेल. बाईंनी लाल फुली मारली. दोन मार्कांचं गणित होतं आणि निम्म्याला कमी पडले तेही दोनच.

मला सांगा, आमच्या रस्त्यावर नऊ माणसं घेऊन निघालेली जीप कुणी पाहिलीय? ड्रायव्हर तिला रिकामी म्हणतो.

दुसऱ्या दिवशी आत्या शाळेत. सोबत मी आणि परी. अंबाड्यात एकच पेन्सिल. बाई खरं तर चांगल्या आहेत, कर्जतहून रोज येऊन-जाऊन करतात. आत्यानं पेपर त्यांच्यापुढं ठेवला.

"बाई, तुमी रोज येता कशानं?"

"जीपनं."

"किती बसतात?"

बाई हसल्या. "मावशी, ते वेगळं."

"येगळं कसं? काल तुमच्या मांडीवर कातकरवाडीतलं पोर होतं. मी बघितलं."

"होतं. पण गणितात नऊ म्हणजे नऊ. आणि मला सांगा, दहावा माणूस बसवायचा नसतो, हे शाळेत नाही शिकवायचं तर कुठं? आपल्याच घाटात मागं भरलेल्या जीपचं काय झालं होतं, माहितेय ना?"

आत्यानं पेपर उचलून परीचं उत्तर परत वाचलं. परी माझं बोट घट्ट धरून होती. मग आत्या म्हणाली, "हे खरं हाय तुमचं. हे माज्या पण डोक्यात आलं नाय." आणि लगेच मान वर करून, "मग हेच लिवा ना हितं खाली. चूक हाय तर का चूक हाय ते सांगा. नुसती फुली बघून पोरीला वाटतंय आपल्याला डोस्कंच नाय. काल रातच्याला जेवली नाय ती."

बाईंनी परीकडं बघितलं. मग पेन उघडून फुलीच्या खाली लिहिलं, तू उरलेल्या माणसांचा विचार केलास, ते आवडलं. पण जीपमध्ये नऊच बसवायची. मार्क मात्र दिले नाहीत. म्हणाल्या, "मावशी, एकीला दिले तर सगळ्यांचे पेपर परत काढावे लागतील."

"मार्क ठेवा तुमच्याकडं," आत्या म्हणाली. "मी मार्क मागायला आलेच नव्हते." हे धडधडीत खोटं होतं. येताना सगळ्या रस्त्यानं ती दुसरं काही बोललीच नव्हती.

अट ती अट. परी क्लासला जायला लागली आणि जाते अजून. खरं सांगायचं तर तिचे मार्क वाढलेत. वहिनी रात्री शांत झोपते. मला यावर काही बोलता येत नाही आणि त्याचाच राग येतो.

आज रविवार. परी वही घेऊन आत्याकडं आली, मी तिथंच होते. मांडी घालून बसली, पानभर शाब्दिक उदाहरणं खाली मान घालून सोडवली, एकदाही वर बघितलं नाही, सगळी बरोबर. वही पुढं केली. आत्यानं चष्मा लावला, एकेक गणित वाचलं. एका गणितात कुणी बाई होती, बांगड्या घेऊन बाजाराला निघालेली, निम्म्या वाटेत फुटलेल्या. मला वाटलं, आता ही विचारणार, कशा फुटल्या, ती पडली का, हाताला लागलं का. आत्या म्हणाली, "छान." वही मिटून दिली. परी उड्या मारत गेली.

मी म्हटलं, "आत्या, विचारलं का नाहीस गं काही?"

"घाई असती तिला. मैत्रिणी थांबल्यात."

"म्हणजे तुला पटलं तर, त्या क्लासवाल्याचं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच चौथीतली झाले. "गप बसले म्हंजे पटलं असं नाय. तिला कदी ना कदी वाटल, त्या बाईच्या बांगड्या फुटल्या कशा. तवा ती कुणाला इचारल? त्या सराला?" आणि ओटा झाडायला घेतला, जो सकाळीच झाडलेला होता.

मी घरी आले आणि हे सगळं टाइप करतेय. तुमच्याकडं होतं का असं कुणी, ज्यानं तुम्हाला एका गणितावर तासभर अडवून ठेवलं? आणि मग कुणीतरी तुम्हाला तिथून उठवून दुसरीकडं नेलं, असं झालं का? परत गेलात का कधी त्या ओट्यावर? खरं सांगा.