केळीच्या साली आणि खोटा शेवट

माझी कादंबरी थोरल्या जावेनं बंबात घातली, तेव्हा तिची शेवटची चाळीसेक पानं वाचायची राहिली होती. आदल्या संध्याकाळी चुलीवर दूध ठेवून मी वाचत बसले आणि दूध उतू गेलं. अक्कांनी (थोरल्या जावेला मी अक्का म्हणत असे) चूल पुसून काढली. सकाळी मी अंगण झाडत होते. पाहते तर बंबाच्या तोंडाशी पुठ्ठ्याचा निळा कोपरा जळत होता. सासरे, म्हणजे आबा, अंघोळ करून बाहेर आले आणि म्हणाले, आज पाणी चांगलं कडक होतं.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. मी सावद्याची, केळीच्या बागांतून वाढलेली, सातवी पास. लग्न होऊन धुळ्याला आले त्याला वर्ष व्हायचं होतं. पुस्तक गावातल्या वाचनालयाचं होतं. माझ्या नवऱ्यानं तिथं माफीचं पत्र लिहून दिलं आणि त्याच पत्रात आमचं नावही काढून घेतलं. घरी येऊन मला म्हणाले, "बरं झालं. आता घरात कटकट नको." ते कचेरीत निघून गेले आणि मी भाकरी थापत बसले. अक्का शेजारीच तूर निवडत होत्या. त्यांच्या तोंडावर समाधान होतं, अगदी साधं, काम संपल्यावर येतं तसं. ते समाधान काढून घ्यायचं, हे मी त्या दिवशी ठरवलं.

अक्का नरडाण्याकडच्या खेड्यातल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण हाताला चव अशी की आबा दुसऱ्या कुणाच्या हातचं भरीत खात नसत. स्वयंपाकघर पूर्ण त्यांचं. मला मागच्या पडवीतली छोटी चूल मिळाली होती, पाणी तापवायला आणि उरलंसुरलं करायला. सूड घ्यायचा तर तिथूनच घ्यावा लागणार होता.

माहेराहून कच्च्या केळ्यांचा घड आला की अक्का केळ्यांची भाजी करत आणि साली म्हशीपुढे टाकत. एकदा मी त्या साली उचलून आणल्या. हाताला तेल लावून बारीक चिरल्या आणि हळद घातलेल्या ताकात तासभर ठेवल्या. मग पिळून लसूण, हिरवी मिरची आणि शेंगदाण्यांबरोबर तेलात परतल्या आणि पाट्यावर जाडसर वाटल्या. मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वेळी जमलं नाही, दुसऱ्या वेळी जमलं. आबांच्या ताटात मी ती चटणी न सांगता वाढली. त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ती सगळी संपवली आणि आणखी मागितली. भरताची वाटी तशीच राहिली. अक्का दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ती वाटी उचलली तेव्हा मी मान खाली घातली, कारण मला हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर मला नादच लागला. काळी पडलेली केळी गूळ घालून कणकेत मळली आणि पुऱ्या तळल्या. केळफूल सोलून, त्यातले ताठ दांडे काढून वड्यांत घातलं. प्रत्येक वेळी आबा विचारत, हे कुणी केलं, आणि प्रत्येक वेळी अक्कांनाच सांगावं लागे की धाकटीनं.

एक दिवस अक्कांनी चटणीची कृती विचारली. विचारताना माझ्याकडे पाहिलं नाही. मी सगळं सांगितलं, लसणाच्या पाकळ्यासुद्धा मोजून सांगितल्या. फक्त ताकाचं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची चटणी काळीठिक्कर झाली, आणि तुरट इतकी की आबांनी पहिला घास तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळला आणि ताट थोडं पुढे सरकवलं. थोरले दीर म्हणाले, ज्याला जे येतं त्यानं ते करावं. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पण पुस्तकाचा हिशेब चटणीनं फिटण्यासारखा नव्हता.

समोरच्या घरात मुलींच्या शाळेतल्या एक बाई राहत. माझं नाव वाचनालयातून गेल्याचं कळल्यावर त्या स्वतःच्या नावावर पुस्तकं आणून मला देऊ लागल्या. मी ती सुपात, वर मिरच्या पसरून घरी आणी. त्या वर्षी मी जेवढं वाचलं तेवढं पुढे कधी वाचलं नाही. नर्मदेच्या काठानं एकट्या चालत गेलेल्या एका बाईचं प्रवासवर्णन मी तीनदा वाचलं. चोर शेवटपर्यंत कळत नाही अशा रहस्यकथा वाचल्या. सगळ्यांत आवडली ती एक जाड कादंबरी. सासरच्यांनी घराबाहेर काढलेली एक बाई मागे राहिलेल्या आपल्या लहान मुलीला शोधत गावोगाव फिरते, अशी तिची गोष्ट होती.

उन्हाळ्यात दुपारी गल्लीतल्या बायका मिरच्यांची देठं खुडायला आमच्या पडवीत बसत. दीर आणि नवरा कचेरीत, आबा झोपलेले. बायकांनी आग्रह केला म्हणून मी ती कादंबरी त्यांना वाचून दाखवू लागले. अक्का आत बसून ज्वारी पाखडत. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, मी वाचायला लागले की आतलं सूप थांबतं. मी पाणी प्यायला थांबले की ते पुन्हा सुरू होतं.

मग मी अक्कांसाठीच वाचायला लागले. आवाज चढवला. भिंतीकडे तोंड करून बसले. आठ-दहा दिवसांत कादंबरीतली ती बाई मुलगी असलेल्या गावाच्या वेशीपर्यंत पोचली. तिथं मी पुस्तक मिटलं. बायकांना म्हणाले, माझा घसा बसलाय, पुढचं शाळेतल्या बाईंकडून ऐका. बायका बाईंच्या ओट्यावर जाऊन ऐकून आल्या. अक्का जाऊ शकत नव्हत्या. त्या घराशी आमचं घर बोलत नाही, असं त्यांनीच ठरवून ठेवलं होतं.

चार दिवस त्यांनी काढले. पाचव्या दुपारी त्या डुबुकवड्यांची वाटी घेऊन पडवीत आल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी स्वतःच्या हातानं मला काही वाढलं नव्हतं. त्या समोर बसल्या. मी सावकाश सगळे वडे खाल्ले, रस्सा प्यायले. मग त्यांनी विचारलं, "मंग, ती बाईनी पोर भेटनी का तिले?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. अक्कांची एकुलती मुलगी चार वर्षांची असताना तापानं गेली होती, माझ्या लग्नाच्या आधी. मला ते माहीत होतं. पुस्तकात शेवटी मायलेकी भेटतात, हेही मला माहीत होतं.

मी म्हणाले, "नाही भेटली. ती पोचायच्या दोन दिवस आधी पोरगी तापानं गेली."

अक्कांनी माझ्या हातातली वाटी घेतली, मोरीत जाऊन धुतली आणि पालथी घातली. त्या संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. स्वयंपाक मी केला, त्यांच्या मोठ्या चुलीवर. मला वाईट वाटलं नाही. आज तसं लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं, आणि बरेच महिने बरंच वाटत राहिलं.

खरं उघडकीला आलं ते श्रावणात, पांझरेच्या काठच्या देवळात. शाळेतल्या बाई तिथं अक्कांना भेटल्या. बाईंना आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या पडवीत वाचलेल्या कादंबरीबद्दल त्या सहज म्हणाल्या, शेवटी मायलेकींची भेट झाली ते किती छान लिहिलंय, नाही का. अक्का घरी आल्या. त्यांनी पातळ बदललं नाही, पाय धुतले नाहीत. मला म्हणाल्या, ते पुस्तक घेऊन ये. मी आणलं. शेवटची पानं त्यांनी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. मी वाचत होते आणि त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, पुस्तकाकडे नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "पुस्तक मी जाळं. पोर तू मारी. आते फिटनं."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. फिटलं असं त्या म्हणाल्या, पण माझं फिटलेलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी त्यांच्याहून जास्त घेतलं होतं आणि तरी राग तसाच होता.

पुढे चार वर्षं आम्ही एका घरात राहिलो. कामापुरतं बोलायचो. मग नवऱ्याची बदली जळगावला झाली आणि मी तिथल्या वाचनालयात माझ्या स्वतःच्या नावावर वर्गणी भरली. जळगावच्या घरात माझ्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही.

मोतीबिंदू काढायला अक्का एकदा जळगावला आमच्याकडे आल्या आणि पंधरा दिवस राहिल्या. डोळ्यांवर पट्टी, दिवसभर पडून राहायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, काही तरी वाच. मी वाचायला लागले. एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, "हाई पुस्तकमा शे ना?"

मी म्हणाले, हो, पुस्तकात आहे. त्यांनी हात खाली घेतला. मग म्हणाल्या, वाच. पुढच्या पानावर पुन्हा तेच विचारलं. पंधरा दिवसांत एकही पान तसं विचारल्याशिवाय गेलं नाही, आणि माझ्या एकाही उत्तरावर त्यांचा विश्वास बसला नाही.